ट्रिपल उड्या गेल्या म्हणून मुलीचं वजन उतरवायचं का?

एका आईने विचारलेला प्रश्न थोडक्यात असा. मुलगी 15 वर्षांची, फिगर स्केटिंगमध्ये ज्युनियर गटात. गेल्या दीड वर्षात उंची 6 सेंटिमीटरने वाढून 158 झाली, वजन 43 वरून 49 किलो. ट्रिपल, म्हणजे हवेत तीन फेऱ्यांच्या, उड्यांपैकी टो लूप टिकून आहे, पण लुट्झ आणि फ्लिप सुटल्या. प्रशिक्षक म्हणतात, हंगामाआधी 4 किलो कमी करा, उड्या आपोआप परत येतील. पाळी साडेतेराव्या वर्षी सुरू झाली होती, गेले चार महिने आलेली नाही. उजव्या नडगीत दुखतं. आईने मुलीच्या आहाराची आठवडाभराची नोंदही पाठवली आहे. प्रश्न एकच: हिचं वजन नेमकं किती असायला हवं?

मी क्रीडावैद्यक डॉक्टर आहे आणि माझ्याकडे येणाऱ्यांत स्केटर मुली बऱ्याच असतात. उत्तर आधीच सांगते. 4 किलो उतरवू नका. 158 सेंटिमीटरला 49 किलो हे वजन अगदी व्यवस्थित आहे. वाढीच्या वयातल्या मुलीला "असायला हवं" असा एकच आकडा मी देत नाही, कारण सहा महिन्यांत तो बदलतो आणि बदलायलाच हवा. पण तुमच्या पत्रातल्या दोन गोष्टी मला वजनापेक्षा कितीतरी जास्त काळजीच्या वाटतात. चुकलेली पाळी आणि दुखणारी नडगी. त्या दोन्ही वेगवेगळ्या तक्रारी नसण्याची शक्यता मोठी आहे.

नडगीचं आधी बोलू, कारण ते थांबणारं नाही. बहुतेक स्केटर हवेत घड्याळाच्या उलट दिशेने फिरतात आणि उजव्या पायाच्या बाहेरच्या कडेवर, पाठमोऱ्या उतरतात. म्हणजे सरावातली जवळपास प्रत्येक उडी त्याच एका पायावर येऊन आदळते. लँडिंगच्या क्षणी त्या पायावर शरीराच्या वजनाच्या पाच पट आणि त्याहूनही जास्त भार येऊ शकतो. बूट इतका कडक असतो की घोटा पुरेसा वाकत नाही, त्यामुळे जो धक्का घोट्याने पचवायचा तो नडगी, गुडघा आणि कंबरेकडे जातो. आज रात्री एक गोष्ट करून बघा. मुलीला पाय लांब करून बसवा आणि नडगीच्या आतल्या कडेवरून एका बोटाने, खालून वर, इंच इंच दाबत जा. दुखणं लांबलचक पट्ट्यात पसरलेलं असेल तर बहुधा स्नायूंच्या जोडणीला आलेली सूज असते. पण एका ठिकाणी बोट पडताच ती पाय मागे ओढत असेल, जागा बोटाने नेमकी दाखवता येत असेल, रात्री झोपेतही ठणकत असेल किंवा त्या एका पायावर लंगडी घालताना तिथेच कळ येत असेल, तर हाडाला ताणाची इजा झाली असं धरून चाला आणि त्या दिवसापासून उड्या बंद करा. घरच्या तपासणीत असं काही सापडलं नाही तरी चार महिने पाळी नसताना डॉक्टरांना दाखवणं टाळू नका. एक्स-रे साफ आला म्हणून निर्धास्त होऊ नका. स्ट्रेस फ्रॅक्चर, म्हणजे ताणाने हाडाला पडलेली बारीक चीर, पहिले दोन-तीन आठवडे एक्स-रेत बऱ्याचदा दिसतच नाही. एमआरआय लागतो.

आता पाळी. "खेळणाऱ्या मुलींची पाळी पुढेमागे होतेच, उलट मेहनत चांगली चालल्याची ती खूण" हे वाक्य मी रिंकच्या कठड्याशी उभ्या असलेल्या आयांच्या तोंडून, प्रशिक्षकांच्या तोंडून आणि दुर्दैवाने काही डॉक्टरांच्या तोंडूनही ऐकलंय. ते चूक आहे. सुरू झालेली पाळी सलग तीन महिने आली नाही तर तपासणी हवीच. मुलगी 15 वर्षांची होईपर्यंत पाळी सुरूच झाली नाही तरीही हवी. गर्भधारणा, थायरॉइड, प्रोलॅक्टिन या संप्रेरकाची वाढ, पीसीओएस हा अंडाशयाचा विकार ही कारणं डॉक्टर आधी तपासून बाजूला काढतील. पण रोज तीन तास सराव करणाऱ्या आणि तुम्ही पाठवलेल्या नोंदीप्रमाणे खाणाऱ्या मुलीत माझा पहिला संशय अन्नावर जातो.

हिशोब करून दाखवते. पगारातून हप्ता कापला गेल्यावर घरखर्चाला जे उरतं, तशी ही गोष्ट आहे. खाल्लेल्या उष्मांकांतून व्यायामात जळलेले वजा करायचे. जे उरतं त्यावर हृदय, मेंदू, हाडं, अंडाशय, प्रतिकारशक्ती आणि वाढ चालते. या उरलेल्या ऊर्जेला शरीरातली चरबी सोडून बाकी वजनाने, म्हणजे स्नायू, हाडं, अवयव यांच्या वजनाने भागायचं. 49 किलोच्या तुमच्या मुलीत ते सुमारे 39 किलो धरू. नोंदीप्रमाणे ती दिवसाला साधारण 1600 किलोकॅलरी खाते. बर्फावरचा आणि बाहेरचा व्यायाम मिळून 600 जळतात असं धरलं तर उरतात 1000. भागिले 39, म्हणजे किलोमागे जेमतेम 26. निरोगी तरुणीसाठी हा आकडा 45 च्या आसपास असावा लागतो. 30 च्या खाली गेल्यावर अवघ्या पाच दिवसांत पाळीचं नियमन करणाऱ्या एलएच संप्रेरकाची लय बिघडते, हे तरुण स्त्रियांवरच्या नियंत्रित प्रयोगांत दिसलं आहे. 30 ही काही सगळ्यांसाठी सारखी लक्ष्मणरेषा नाही, कुणाचं शरीर आधी कुरकुरतं, कुणाचं नंतर. पण 26 वर, तेही वाढीच्या वयात, पाळी थांबली तर मला नवल वाटत नाही. 45 गाठायचं तर हिला दिवसाला 2350 च्या आसपास खायला हवं. आणि तुम्ही मला विचारताय की आणखी कमी कसं करायचं.

या अवस्थेला आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीने 2014 मध्ये नाव दिलं, रेड-एस, म्हणजे खेळातली सापेक्ष ऊर्जा-कमतरता. त्याआधी 1990 च्या दशकापासून "फीमेल ॲथलीट ट्रायड" म्हणत, त्यात खाणं, पाळी आणि हाडं एवढंच बघितलं जाई. नव्या मांडणीत हृदय, पचन, रक्त, प्रतिकारशक्ती, मन आणि खुद्द खेळातली कामगिरी हे सगळं आलं. मुलीचे हात कायम गार पडतात का, बद्धकोष्ठता आहे का, सर्दी-खोकला सारखा होतो का, केस गळतात का, पूर्वीपेक्षा चिडचिड वाढलीय का, हे बघा. आणि हे सगळं वजन अजिबात कमी न होताही घडू शकतं. शरीर खर्च आटोपतं घेतं आणि काटा जिथल्या तिथे राहतो. म्हणून वजनाचा आकडा बघून पुरेसं खातेय की नाही हे ओळखता येत नाही.

हाडांचा मुद्दा मला सगळ्यात जास्त लागतो. आयुष्यभराच्या हाडांच्या साठ्यातला फार मोठा वाटा पाळी सुरू होण्याच्या आगेमागच्या चार-पाच वर्षांत जमा होतो. उड्या मारणाऱ्या मुलींच्या पायांची आणि कटीची हाडं खरं तर इतरांपेक्षा भक्कम व्हायला हवीत, कारण आदळआपट हाडाला वाढायला सांगते. पण सांगून भागत नाही, बांधायला माल लागतो, आणि इस्ट्रोजेनही लागतं. पाळी थांबलेल्या मुलीत दोन्हीचा तुटवडा असतो. प्रशिक्षक म्हणतील, वजन कमी म्हणजे पायावरचा भारही कमी. गणित बरोबर आहे, पण अर्धंच. भार थोडा घटतो आणि तो झेलणारं हाड त्याहून जास्त कमजोर होतं.

प्रशिक्षकांचं म्हणणं मात्र मी उडवून लावणार नाही. ते काहीतरी खरं बघताहेत. हलकी, अरुंद बांध्याची मुलगी हवेत पटकन फिरते, हे भौतिकशास्त्र आहे. फिरण्याला होणारा विरोध वस्तुमानावर अवलंबून असतो आणि ते वस्तुमान अक्षापासून किती लांब आहे त्याच्या वर्गावर. बाराव्या-तेराव्या वर्षीच्या मुलीचे खांदे आणि कंबर अरुंद, त्यामुळे ती फार उंच न उडताही ट्रिपल पुरा करते. कंबर रुंदावली की तेवढ्याच उंचीत फेऱ्या बसत नाहीत. वजन उतरवणाऱ्या काही मुलींच्या उड्या सुरुवातीला सुधारतात, हेही मी पाहिलंय. तोच तर सापळा आहे. सहा-आठ आठवडे सगळं छान चालतं, सगळे शाबासकी देतात, मुलीच्या मनात पक्कं बसतं की उपाय सापडला. मग दुखणी सुरू होतात.

तुमच्या मुलीच्या बाबतीत नेमकं काय झालं ते बघा. तिची श्रोणी, म्हणजे कंबरेचं हाड, रुंदावलंय. 4 किलो उतरवून हाड अरुंद होत नाही. पाय लांब झाले, गुरुत्वमध्य सरकला, आणि उडी मारायची वेळ ज्या सवयीवर बसली होती ती सवय जुन्या शरीराची आहे. लुट्झ आणि फ्लिप या दोन्हींत मागे लांब पाय टाकून टो पिक, म्हणजे ब्लेडचं दातेरी टोक, बर्फात रोवायचं असतं. पायाची लांबी बदलली की हीच जागा चुकते. म्हणून या दोनच उड्या आधी गेल्या. टो लूपमध्येही टोक रोवतात, पण ती ट्रिपलमधली सगळ्यात सोपी, म्हणून तग धरून राहिली. सारा दोष वजनाचा असता तर तीही डळमळली असती.

उपाय उंचीचा आहे. 30 सेंटिमीटर उडी म्हणजे हवेत सुमारे 0.49 सेकंद. 40 सेंटिमीटर म्हणजे 0.57. हा फरक ऐकायला किरकोळ वाटतो, पण सेकंदाला पाच फेऱ्यांच्या वेगाने फिरणाऱ्या मुलीला त्यात आणखी 0.4 फेरी मिळते. उडी कमी फिरली की पाव फेरीसाठी गुण कापले जातात, हे तुम्हाला माहीतच आहे. हे 10 सेंटिमीटर मांड्यांच्या आणि नितंबांच्या ताकदीतून येतात, बर्फावरच्या वेगातून येतात, आणि ताकद उपाशीपोटी वाढत नाही. तिला वर्षभर, नीट शिकवणाऱ्या माणसाच्या देखरेखीखाली वजनं उचलू द्या. त्याने "जाड" होईल ही भीती निराधार आहे. शिवाय हात छातीशी किती लवकर आणि किती घट्ट येतात तेही बघा. कोपरं बाहेर राहिली तर जो वेग जातो तो किलो उतरवून भरून काढणं मूर्खपणाचं आहे.

स्त्रीचं शरीर झालं की कठीण उड्या संपतात, असा समज 2014 ते 2022 या काळात फारच घट्ट झाला. त्या वर्षांत पंधरा-सतरा वर्षांच्या मुली मोठमोठी पदकं जिंकून दिसेनाशा होत होत्या. सोची ऑलिंपिकमध्ये 2014 साली सांघिक सुवर्ण जिंकणारी युलिया लिपनित्स्काया तेव्हा 15 वर्षांची होती, आणि 2017 मध्ये, ॲनोरेक्सियावर उपचार घेतल्यानंतर, तिने 19 व्या वर्षी स्पर्धा सोडली. दोनदा अमेरिकन विजेती ठरलेल्या ग्रेसी गोल्डने 2017 मध्ये नैराश्य, चिंता आणि खाण्याच्या विकारावर उपचारासाठी खेळातून सुट्टी घेतली. पण त्याच खेळात एलिझावेता तुक्तामिशेवाने 2015 च्या जागतिक स्पर्धेत ट्रिपल ॲक्सल, म्हणजे साडेतीन फेऱ्यांची उडी, मारून सुवर्ण जिंकलं आणि 2021 मध्ये, 24 व्या वर्षी, त्याच उडीच्या जोरावर पुन्हा जागतिक रौप्य मिळवलं. काओरी साकामोतोने 2022, 2023 आणि 2024 अशी सलग तीन जागतिक विजेतेपदं मिळवली, तीही ट्रिपल ॲक्सल किंवा एकही क्वाड, म्हणजे चार फेऱ्यांची उडी, न मारता. तिचा डबल ॲक्सल एकदा बघा. केवढ्या वेगात ती त्यात शिरते आणि उतरल्यावर किती लांब वाहत जाते! तो वेग भरलेल्या मांड्यांचा आहे. ॲलिसा ल्यूने 16 व्या वर्षी खेळ सोडला, दोन वर्षं लांब राहिली आणि परतून 2025 मध्ये बॉस्टनला 19 व्या वर्षी जग जिंकलं. लहानपणच्या क्वाडशिवाय.

नियमही आता तुमच्या बाजूने आहेत. आंतरराष्ट्रीय स्केटिंग संघटनेने जून 2022 मध्ये सीनियर गटाचं किमान वय 15 वरून टप्प्याटप्प्याने 17 वर नेलं, 2024-25 च्या हंगामापासून ते पूर्ण लागू आहे. तुमच्या मुलीला सीनियरमध्ये उतरायला अजून दोन वर्षं आहेत. हंगामाआधी 4 किलोची घाई नेमकी कोणासाठी चाललीय, हे प्रशिक्षकांना शांतपणे विचारा.

कमी खाऊन कामगिरीचं काय होतं, यावर एक छोटा पण बोलका अभ्यास आहे. 2014 मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात 15 ते 17 वयाच्या जलतरणपटू मुलींना 12 आठवड्यांच्या हंगामभर तपासलं. दोन्ही गटांची मेहनत तीच. ज्यांची पाळी नियमित होती त्या 400 मीटरमध्ये सुमारे 8 टक्क्यांनी वेगवान झाल्या. ऊर्जेअभावी ज्यांचं अंडाशयाचं काम मंदावलं होतं त्या जवळपास 10 टक्क्यांनी मंदावल्या. मुली मोजक्याच होत्या, पण मी रिंकवर जे बघते त्याच्याशी हे जुळतं. ज्युनियर गटात फ्री स्केट, म्हणजे स्पर्धेतला लांब कार्यक्रम, साडेतीन मिनिटांचा. शेवटच्या तीन उड्यांना 10 टक्के जादा गुण. नेमक्या त्याच वेळी उपाशी स्नायूंतला ग्लायकोजेन, म्हणजे साखरेचा साठा, आटलेला असतो, पाय जड होतात आणि मुलगी सरावात शंभर वेळा मारलेली उडी हवेतच अर्धवट सोडते. आणि डाएटच्या पहिल्या आठवड्यात जो किलो-दीड किलो उतरल्याचा आनंद होतो, तो बराचसा हाच ग्लायकोजेन आणि त्याच्यासोबत साठलेलं पाणी असतं.

तर करायचं काय. नोंदीत दिसतंय की पहाटेचा सराव ती फक्त पाण्यावर करते आणि पहिलं खाणं शाळेच्या मधल्या सुट्टीत, म्हणजे उठल्यापासून पाच तासांनी. इथून सुरुवात करा. बर्फावर जाण्याआधी अर्धा तास एखादं केळं किंवा पाव, उतरल्याबरोबर दूध किंवा दही आणि सोबत पोटभर धान्याचं काहीतरी. दिवसाचा आकडा बरोबर असूनही मधल्या लांब उपाशी ताणांनी संप्रेरकं बिघडतात. कार्बोहायड्रेट कापू नका, हाडांनाही ते लागतं. कॅल्शियम या वयात दिवसाला 1300 मिलिग्रॅम. रक्तातलं फेरिटिन, म्हणजे लोहाचा साठा, आणि ड जीवनसत्त्व तपासून घ्या, दिवसाउजेडी छताखाली राहणाऱ्या या मुलींत ड बऱ्याचदा कमी निघतं. चार महिन्यांची चुकलेली पाळी आणि हाडाचं दुखणं एकत्र आल्यामुळे डॉक्टर हाडांच्या घनतेची डेक्सा तपासणी सांगतील, ती टाळू नका. पाळी "आणण्यासाठी" गर्भनिरोधक गोळ्या सुचवल्या गेल्या तर कारण विचारा. गोळीने रक्तस्राव येतो, पण ऊर्जेची तूट तशीच राहते, हाडं सावरत नाहीत, आणि शरीर देत असलेला इशारा मात्र झाकला जातो.

क्लबमधलं वजन थांबवा. सगळ्यांसमोर वजन करणं, भिंतीवर आकडे लावणं, पोशाखाच्या मापावरून शेरे मारणं, हे कुठल्याही वयात अपायकारक आहे. 18 वर्षांखालील खेळाडूंचं वजन आणि चरबी कामगिरीसाठी मोजूच नये, वैद्यकीय कारण असेल तरच मोजावं, असा तज्ज्ञांचा स्पष्ट सल्ला आहे. प्रशिक्षकांना काही मोजायचंच असेल तर उडीची उंची मोजू दे. फोनवरच्या व्हिडिओतून हवेतला वेळ काढता येतो.

एक गोष्ट मात्र फक्त तुम्हीच बघू शकता. मुलगी सगळ्यांसोबत जेवायचं टाळते का, जेवण झाल्या झाल्या बाथरूममध्ये जाते का, सुट्टीच्या दिवशीही व्यायाम चुकला तर कासावीस होते का, पदार्थांची "चांगले" आणि "वाईट" अशी वाटणी करते का. यातलं काही असेल तर आहारतज्ज्ञ पुरेसा नाही, खाण्याच्या विकारांवर काम करणारा मानसोपचारतज्ज्ञ हवा, आणि लवकर हवा. चक्कर येणं, शुद्ध हरपणं किंवा बसल्या जागी नाडी मिनिटाला 50 च्या खाली असणं, यात वाट बघू नका. "खेळाडूचं हृदय असतंच संथ" असं म्हणून सोडू नका, ईसीजी काढा.

यातून परत येता येतं, हे मुलीला सांगा आणि अकिको सुझुकीचं नाव सांगा. जपानच्या या स्केटरला 18 व्या वर्षी ॲनोरेक्सियाने गाठलं, वजन 32 किलोपर्यंत घसरलं, एक अख्खा हंगाम बुडाला. ती खाऊन, उपचार घेऊन, शून्यापासून उभी राहिली. 2012 मध्ये जागतिक कांस्य, दोन ऑलिंपिकमध्ये आठवी, आणि पहिलं राष्ट्रीय विजेतेपद 28 व्या वर्षी.

वेळ किती लागेल, हेही प्रामाणिकपणे सांगते, म्हणजे दोन आठवड्यांत तुम्ही निराश होणार नाही. पुरेसं खायला लागल्यावर उत्साह, झोप आणि मूड काही दिवसांत-आठवड्यांत सुधारतात. पाळी परतायला काही महिने लागतात, कधी सहा, कधी जास्त. हाडं भरून यायला वर्षं. या काळात एक-दोन किलो वाढतील, ते वाढू द्या. नडगीत फ्रॅक्चर निघालाच तर उड्या बंद, पण स्केटिंगला पूर्णविराम नाही. दुखणं पूर्ण थांबल्यावर, डॉक्टरांच्या परवानगीने, स्ट्रोकिंग, एजेस, स्टेप सिक्वेन्स असं उड्यांशिवायचं स्केटिंग आणि वरच्या अंगाचं काम आधी सुरू करता येतं. उड्या एकेरीपासून, आठवड्याला ठरावीक संख्येनेच वाढवायच्या. तपासण्यांचे रिपोर्ट आले की तेच प्रशिक्षकांसमोर ठेवा आणि पुढच्या तीन महिन्यांचा सराव डॉक्टर, आहारतज्ज्ञ आणि ते, असा तिघांनी मिळून कागदावर लिहून घ्या. त्या बैठकीत मुलगीही असू द्या.